उणे अठराला न गोठलेला कॅन

सोलापुरात वायपरच्या टाकीत काय घालायचं, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. नळाचं पाणी, फार तर थोडा शाम्पू. धूळ निघते, काम भागतं. पण बँकेतून निवृत्त झालेले एक काका जानेवारीत आमच्या होटगी रोडवरच्या गॅरेजला आले आणि म्हणाले, "गड्ड्याची जत्रा झाली की केलाँगला निघतोय, गाडीनंच. नातवंडं पण आहेत सोबत. थंडीसाठी जे जे लागतं ते करून दे." तेव्हा बॅटरी, कूलंट आणि टायरांइतकंच मी त्या टाकीकडे लक्ष दिलं.

२०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून हिवाळ्यातही लोक लाहौलात, म्हणजे केलाँग आहे त्या हिमाचलातल्या भागात, जातात. जानेवारीच्या रात्री तिथं पारा उणे दहाच्या खाली सहज उतरतो. टाकीतलं पाणी गोठलं की फुगतं, टाकी नाहीतर मोटर फुटते. हे नुकसान पैशांचं. मला भीती असते ती वेगळीच. पुढच्या ट्रकने उडवलेला बर्फाचा चिखल काचेवर बसतो, आपण पाण्याचा फवारा मारतो आणि ते पाणी काचेवरच गोठतं. वळणावर समोरचं काहीच दिसत नाही.

आमच्या फळीवर एक निळी बाटली होती, 'सर्व ऋतूंसाठी' असं छापलेली. काकांच्या जावयाने चंदीगडहून एक घट्ट द्रावण पाठवलं होतं. त्यावर एथेनॉल लिहिलेलं होतं आणि किती पाण्यात किती घातलं तर किती थंडीपर्यंत चालेल, याचा तक्ता होता. शिवाय काकांच्या ड्रायव्हरने एका केमिकलवाल्याकडून पाच लिटरचा कॅन आणला होता, स्वस्तात. शब्दावर विश्वास ठेवण्यापेक्षा तपासून बघू म्हटलं. शेजारच्या आइस्क्रीमवाल्या वहिनींना विचारलं आणि तिन्हींचे नमुने, जावयाचं द्रावण तक्त्याप्रमाणे पाणी घालून, प्लास्टिकच्या बाटल्यांत झाकणं घट्ट लावून त्यांच्या डीप फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवले. काटा उणे अठरावर होता.

सकाळी निळा नमुना दगड झाला होता. बाटलीचा तळ इतका फुगला होता की ती फरशीवर उभी राहीना. म्हणजे आत साबण, रंग आणि पाणी, एवढंच. उरलेले दोन्ही नमुने बाटली हलवली की खळखळत होते.

"बघा की काका, आपला कॅन पास झाला. दरात निम्म्याचा फरक हाय," ड्रायव्हर म्हणाला.

काका कॅन घ्यायला तयार झाले. मी बिल मागितलं. त्यावर मिथेनॉल लिहिलं होतं.

मिथेनॉल गोठत नाही, हे खरंच आहे. शुद्ध असेल तर ते उणे ९८ अंशांपर्यंत पातळ राहतं. पण शरीरात गेल्यावर त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं आणि ते आधी डोळ्यांची नस मारतं. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती याच मिथेनॉलने. युरोपीय संघाने २०१८ मध्ये नियम करून काच धुण्याच्या द्रवात ०.६ टक्के किंवा त्याहून जास्त मिथेनॉल असेल तर तो सामान्य ग्राहकाला विकायला बंदी घातली, कारण काही देशांत लोक तो दारू म्हणून पीत होते. आणि गाडीत तर बाहेरची हवा आत घेणारी जाळी काचेच्या पायथ्याशीच असते. फवारा मारला की त्याची वाफ थेट आत, मागे बसलेल्या पोरांपर्यंत. फ्रीजर गोठणं दाखवतो, विष दाखवत नाही. मी काकांना सरळ म्हणालो, "हे मी तुमच्या गाडीत भरणार नाही."

ते गप्प झाले. मग ड्रायव्हरला म्हणाले, "पैसे बुडाले तरी चालतील, पण हे नको."

जावयाचंच द्रावण घेतलं. आकडेही त्यांना समजावले: पाण्यात एथेनॉल शंभराला तीस भाग असेल तर मिश्रण उणे पंधराच्या आसपास गोठायला लागतं, चाळीस असेल तर साधारण उणे तेवीसला. पण धावत्या गाडीच्या काचेवर अल्कोहोल आधी उडून जातं आणि मागे पाणीच उरतं. म्हणून जेवढी थंडी अपेक्षित, त्याच्या किमान दहा अंश खालचं मिश्रण करायचं, आणि आधी हीटरने काच कोमट करून मगच फवारा मारायचा. कूलंट या टाकीत कधीच घालायचं नाही. त्याने काचेवर तेलकट थर बसतो आणि तेही विषारीच असतं.

टाकी उतरवून रिकामी केली, पाइपात राहिलेलं पाणी फुंकून काढलं. पाइपात पाणी राहिलं तर सगळ्यात आधी नोझलच बंद पडतं. नवं द्रावण ओतून दोन्ही नोझलांतून रंग येईपर्यंत फवारा मारत राहिलो.

कॅनवर काहीच लिहिलेलं नव्हतं आणि वास स्पिरिटसारखाच होता. मी लाल रंगाने चारही बाजूंना 'मिथेनॉल, विष' असं लिहिलं आणि तो आणला होता त्याच दुकानात परत पाठवला.