रविवारी तुम्ही नसाल तर?

"इतकी वर्षं नव्या मंडळ्या उभारायच्या कामात आहात, मग सांगा, सध्या कोणती पद्धत चालते? आमची मंडळी काही वाढत नाही." ख्रिस्ती मंडळ्या, म्हणजे चर्च, सांभाळणाऱ्या पाळकांच्या प्रत्येक मेळाव्यात चहाच्या वेळी कोणीतरी मला हे विचारतंच. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा बसून लिहितो.

पद्धतींना तोटा नाही. सेऊलमध्ये १९५८ साली तंबूत सुरू झालेली योंगी चो यांची मंडळी घरोघर भरणाऱ्या छोट्या गटांच्या, म्हणजे सेल ग्रुपांच्या, जोरावर जगातली सर्वांत मोठी म्हणून ओळखली गेली. शिकागोजवळच्या विलो क्रीक चर्चने चर्चची पायरी न चढणाऱ्यांसाठी उपासनेचं रूपच बदललं. हजारो लोक येऊ लागले. पुढे २००७ मध्ये त्यांनीच आपली पाहणी जाहीर करून कबूल केलं, की कार्यक्रमांना हजेरी वाढली म्हणून माणसं विश्वासात वाढतातच असं नाही. मला त्या गर्दीपेक्षा ही कबुली मोलाची वाटते. (शेजारच्या मंडळीतली मेंढरं आपल्याकडे आली की त्यालाही आपण वाढच म्हणतो, हा आणखी एक गमतीचा भाग.)

मीही खुर्च्या मोजायचो. एका घरी आमची सभा भरायची. खुर्च्या कमी पडायला लागल्या तसा मी खूश. एका रविवारी माझा घसा बसला. बायबलचं वचन समजावून सांगायला कोणीच पुढे येईना. छोटीशी प्रार्थना झाली, दोन गाणी झाली आणि सगळे घरी गेले. आपल्यावाचून यांचं अडतं, याचा मला आधी चक्क अभिमान वाटला. लाज वाटायला आठवडा गेला.

येशूचा प्रेषित पौल ग्रीसमधल्या करिंथ शहरात मंडळी उभारायला दीड वर्ष राहिला आणि पुढे गेला. माझी त्या घरच्या सभेत पाच वर्षं झाली होती.

मग मी उपदेश थांबवला. बायबलमधला उतारा वाचायचा, एकाने तो पुस्तक मिटून आपल्या शब्दांत सांगायचा, राहिलेलं बाकीच्यांनी भरायचं. यातून देवाविषयी काय कळलं, या आठवड्यात मी काय करणार, कोणाला सांगणार, एवढेच प्रश्न. पुढच्या सभेत पहिला प्रश्न: केलंत का? कधी तोंड न उघडणाऱ्या एक ताई येशूने सांगितलेली उधळ्या पुत्राची गोष्ट सांगताना त्यातल्या थोरल्या भावाला विसरल्या. माझ्या ओठांवर आलं होतं. पण एका आजोबांनी आठवण केली आणि मग त्या भावावरच तासभर बोलणं झालं. इतक्या वर्षांत मी त्याच्यावर कधी पाच मिनिटंही बोललो नव्हतो.

यात नवं काही नाही. १७४२ मध्ये ब्रिस्टलला सभागृहाचं कर्ज फेडायला मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्ली या इंग्लिश धर्मोपदेशकाच्या लोकांनी बारा-बाराचे गट केले. प्रत्येकाकडून आठवड्याला एक पेनी घ्यायला गटप्रमुख घरोघर जाऊ लागला आणि कोणाचं काय चाललंय ते कळू लागलं. निघाले होते वर्गणीला, हाती लागली देखभालीची रीत. असे प्रमुख साधी माणसंच असायची, म्हणून ते काम पसरलं.

त्या ताईंनी पुढे बहिणीच्या घरी सभा सुरू केली. मी तिथे एकदाच गेलो, मागे बसलो. गाण्याचं पुस्तक हातात देत एका मुलाने विचारलं, "काका, पहिल्यांदाच आलात?"