जुन्या सन सर्व्हरवर ओएस कुठली टाकायची

नवी मुंबईच्या महापे-रबाळे पट्ट्यात कंपन्या रॅक रिकामे करतात तेव्हा डेल-एचपीच्या ढिगाखालून मधूनच एखादा सन मायक्रोसिस्टीम्सचा सर्व्हर निघतो, आणि तो उचलणारा पोरगा हमखास विचारतो की यावर उबुंटू लिनक्स चालेल का. परवा ऐरोलीच्या एकाने सनचाच टी५२२० सर्व्हर घेतला आणि मला लगेच मेसेज, "दादा, आयएसओ कुठली उतरवू?" म्हटलं अरे आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, ती नंतर, आधी सीपीयू बघ. उत्तर व्हॉट्सॲपवर लांबतच गेलं म्हणून इथे नीट लिहितोय, कारण ही मशीन्स मला मनापासून आवडतात आणि नको ती ओएस टाकून, वैतागून, महिन्याभरात परत भंगारात गेलेली बघवत नाहीत.

टी५२२० मध्ये अल्ट्रास्पार्क टी२ असतो, सनच्या स्वतःच्या स्पार्क जातीचा, २००७ चा प्रोसेसर. पूर्ण आठ कोरचा असेल तर कोरला आठ थ्रेड, म्हणजे ओएसला ६४ सीपीयू दिसतात. इंटेलची कुठलीच आयएसओ इथे चालणार नाही हे उघड आहे, पण स्पार्कमध्येसुद्धा दोन घराणी आहेत, जुनं सन४यू आणि २००५ च्या टी१ पासून सुरू झालेलं सन४व्ही. त्यामुळे 'स्पार्क सपोर्ट आहे' एवढं वाचून खूश होऊ नका, तुमचं घराणं त्यात आहे का ते बघा.

आणि माझ्या मते खरा प्रश्न त्याच्याही पुढचा आहे. इन्स्टॉल होणं वेगळं आणि नांदणं वेगळं. ती ओएस बनवणारे लोक आज, या वर्षी, अशाच मशीनवर ती बिल्ड करून चालवतायत का? मी सगळ्यात आधी हे बघतो.

सोलारिसचं बघा, सनच्या घरचीच ओएस. सोलारिस १० यावर सुंदर चालते, झेडएफएस फाइलसिस्टिम, प्रोग्रॅम आतून बघायचं डीट्रेस, झोन, एलडॉम (एका मशीनचे अनेक आभासी सर्व्हर) सगळं मिळतं. ११.३ पण चालते. पण २०१८ ला ११.४ आली तिने टी४ च्या खालच्या सगळ्यांना बाहेर काढलं, आणि जुन्यांचे पॅचेस घ्यायचे तर ओरॅकलचा (सन त्यांनी विकत घेतली) सपोर्ट कॉन्ट्रॅक्ट लागतो, फर्मवेअरचंही तेच. घरच्या माणसाला हे परवडणारं नाही. एखादं जुनं ॲप्लिकेशन चालू ठेवायचं असेल, किंवा एलडॉम शिकायचे असतील, तर सोलारिस १० ठेवा आणि इंटरनेटपासून लांब ठेवा, इतकंच मी म्हणेन.

लिनक्सवाल्या पोरांचा इथे हिरमोड होतो. उबुंटूने २००६ च्या ६.०६ मध्ये टी१ साठी खरंच सपोर्ट दिला होता, पुढे तो गेला. डेबियनमध्ये अधिकृत स्पार्क २०१३ च्या व्हीझीपर्यंतच, आता स्पार्क६४ आहे ते पोर्ट्समध्ये, म्हणजे अनधिकृत विभागात, तिथे कायम सिड (रोज बदलणारी कच्ची आवृत्ती), स्टेबल नाहीच. करणारे लोक जीव तोडून करतात, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, पण जरा जुनी आयएसओ घेतली की पोर्ट्सची किरिंग (पॅकेजच्या सह्या तपासायच्या किल्ल्या) एक्स्पायर झालेली असते आणि इन्स्टॉलर अर्ध्यात अडतो, आणि सर्व्हर म्हणून लावून विसरून जायचा असेल तर सिड नको. जेंटू, जिथे प्रत्येक पॅकेज सोर्समधून कंपाइल करायचं, ते चालतं, ६४ थ्रेडवर मेक पळतंही मस्त, पण प्रत्येक पॅकेजचं कॉन्फिगर एकाच थ्रेडवर चालतं आणि टी२ चा एक थ्रेड म्हणजे खूप संथ. कॉन्फिगरला जेवढा वेळ जातो तेवढा कंपाइलला जात नाही.

लिनक्स सोडून फुकट युनिक्स म्हणजे बीएसडी मंडळी. त्यातल्या फ्रीबीएसडीने २०२१ च्या १३.० पासून स्पार्क६४ काढून टाकलं. नेटबीएसडी मी जुन्या सन४यू मशीनला सुचवतो, अल्ट्रा वर्कस्टेशन वगैरे. टी५२२० ला माझं उत्तर ओपनबीएसडी.

कारण सांगतो. ओपनबीएसडीवाले क्रॉस कंपाइल करून रिलीज काढत नाहीत, स्पार्कचं रिलीज स्पार्कवरच बिल्ड होतं, दर सहा महिन्यांनी. म्हणजे मशीनवर काही मोडलं तर बनवणाऱ्याचंच आधी मोडतं. टी५२२० चं नेटवर्क इंटेलचं, ते ईएम ड्रायव्हरने येतं, डिस्क एलएसआयच्या एसएएस कंट्रोलरवर, त्या एमपीआयने येतात, आणि वेगळं काही शोधत बसावं लागत नाही. पीएफ फायरवॉल, अनबाउंड डीएनएस, मेल, वेब सर्व्हर सगळं बेसमध्येच, म्हणजे मूळ इन्स्टॉलमध्येच. एलडॉमसुद्धा बनवता येतात. झेडएफएस मात्र नाही, दोन डिस्क असतील तर ओपनबीएसडीच्या सॉफ्टरेडने मिरर करा, त्यावरून बूटही होतं. आणि सिसपॅच, म्हणजे तयार पॅच एका कमांडने लावायची सोय, स्पार्कला मिळत नाही हे आधीच माहीत असू द्या, पॅच हवा तर सोर्समधून बिल्ड करायचा, अपग्रेड मात्र सिसअपग्रेडने नीट होतं. नोड, गो, क्रोमियम यांची अपेक्षा ठेवू नका, या प्रोसेसरवर ते नाहीतच.

या मशीनला व्हीजीए पोर्ट नाही, सगळं सिरीयलवर. मागच्या सिरीयल मॅनेजमेंट पोर्टात आरजे४५ केबल, ९६०० बॉड, मग आयलॉमचा (मशीन चालू-बंद करणाऱ्या आतल्या कंट्रोलरचा) प्रॉम्प्ट, तिथून कन्सोल स्टार्ट केला की ओपनबूट, म्हणजे सनचा बायोस. तिथे ऑटो-बूट बंद करा, प्रोब-स्कझी-ऑल मारून डिस्क दिसतायत का बघा, आणि मग बूट सीडीरॉम. कन्सोलमधून परत आयलॉमला यायला हॅश आणि टिंब.

आता हे सगळं करायचं कशाला? मी सी लिहितो आणि माझा कोड तपासायला मला हेच मशीन लागतं. नेटवर्कवरून आलेल्या बफरमध्ये सहाव्या बाइटपासून चार बाइटचा इंटिजर आहे, तुम्ही पॉइंटर कास्ट करून सरळ वाचलात, तर इंटेल मुकाट्याने वाचून देतो, वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. स्पार्कला चार बाइट चारच्या पटीतल्या पत्त्यावरूनच वाचता येतात, म्हणून तो तिथल्या तिथे बस एरर देऊन प्रोग्रॅम पाडतो. मेमकॉपीने आधी व्हेरिएबलमध्ये घ्या, मग एनटीओएचएल (नेटवर्कचा बाइटक्रम मशीनच्या क्रमात आणणारं फंक्शन) लावा, की दोन्हीकडे चालतं. आणि एनटीओएचएल विसरलात तर स्पार्क बिग एंडियन (नेटवर्कसारखाच मोठा बाइट आधी) असल्यामुळे इथे आकडा बरोबर येईल आणि लॅपटॉपवर उलटा, म्हणजे दोन्ही मशीनवर टेस्ट चालवली की अशी चूक लपूच शकत नाही. कॉलेजच्या पोरांना हे पुस्तकातून सांगून कळत नाही, एकदा बस एरर दाखवली की कायमचं कळतं. ही मशीन्स जपायला हवीत असं मला वाटतं ते यासाठी.

बाकी मशीन्सनाही तोच प्रश्न लावा, ओएस बनवणारे आज यावर ती चालवतायत का. आयबीएमचा पॉवर८ मिळाला तर नशीबवान आहात, डेबियनचं पीपीसी६४ईएल अधिकृत आहे, डोळे मिटून टाका. इंटेलचा इटॅनियम मिळाला तर मी घेऊ नका म्हणेन, जानेवारी २०२४ मध्ये लिनक्स ६.७ मधूनच तो काढला गेला, आणि त्यावरच्या एचपीच्या ओएसचा, एचपी-यूएक्सचाही नेहमीचा सपोर्ट २०२५ अखेरपर्यंतच होता.

विजेचंही बघा. ३०० वॅट धरले आणि चोवीस तास चालवलं तर महिन्याला २१६ युनिट, महावितरणच्या बिलात तुमचा स्लॅबच बदलतो. पंख्यांचा आवाज तर बंद दारातून शेजाऱ्यांपर्यंत जातो, सोसायटीत रात्री लावूच नका. मी लागेल तेव्हाच आयलॉमवरून चालू करतो आणि काम झालं की बंद.

आणि आधीची सोलारिसची डिस्क पुसू नका. काढून लेबल लावून ठेवा, ओपनबीएसडी दुसऱ्या डिस्कवर टाका, एसएएसच्या जुन्या डिस्क अजून मिळतात. केबलसाठीही वेगळे पैसे घालवू नका, सिस्कोची निळी कन्सोल केबल यांना चालते, फक्त लॅपटॉपला यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर लागेल. माझ्याकडे एक जास्तीची आहे, कोपरखैरणे ते ठाण्याच्या मध्ये कुणाला हवी असेल तर सांगा, इन्स्टॉल झालं की परत द्या म्हणजे पुढच्याला देता येईल.