उचकी

"साहेब, गाडीला उचकी लागलीय. पाव पेडल दाबलं की लागते, पुढे गप्प."

आमच्या रिसॉर्टची गोल्फ कार्ट चालवणारे मामा दोन महिने हेच सांगत होते. आणि आम्ही? "मामा, पाय जरा हळू ठेवा." काल एका आजींच्या मांडीवर चहा सांडला, तेव्हा कुठे मी मल्टीमीटर काढला.

तोही आधी चुकीच्या जागी. सहा बॅटऱ्या, आठ-आठ व्होल्टच्या, एकूण 48. टर्मिनलं घासली. उचकी तशीच.

मग पेडलखालच्या पोटेन्शिओमीटरची, म्हणजे पेडल किती दाबलंय ते विजेचा रोध बदलून सांगणाऱ्या भागाची, वायर सोडवून मीटर लावला. मामा अगदी सावकाश पेडल दाबत होते. आकडा शून्यापासून छान चढत गेला आणि 1.2 किलोओहमला एकदम गायब! पुढे परत सरळ 5 पर्यंत. आतली पट्टी नेमकी तिथेच झिजलेली, जिथे पाहुण्यांना हळू नेताना दिवसभर पाय असतो. मोटरची वीज सांभाळणाऱ्या कंट्रोलरकडे जाणारा सिग्नल क्षणभर तुटतो, मोटर सुटते, परत धरते.

पाव पेडल. शब्दशः.

नवा पार्ट बसवला. मामा एक फेरी मारून आले, उतरता उतरता म्हणाले, "बघा, पाय तोच आहे."

मी हसलो खरा. पण ते वाक्य रात्रीपासून डोक्यातून जाईना.