जुन्या डिस्कवर डिर-इंडेक्स चालू केलं: माझा अनुभव

"दादा, सेव्ह दाबलं की पान अडकूनच बसतं," असं स्कॅनिंग करणारी ताई रोज सांगायला लागली, तेव्हा मी आधी नेटवर्क तपासलं, मग स्कॅनर. दुखणं निघालं डिस्कचं. आमच्या वाचनालयातल्या जुन्या मासिकांची पानं जिच्यावर ठेवतो ती डिस्क मूळची ईएक्सटी-२, म्हणजे लिनक्सच्या जुन्या फाइल-पद्धतीची. पुढे कधीतरी जर्नल (बदलांची आधी नोंद ठेवणारी वही) जोडून तिची पुढची आवृत्ती, ईएक्सटी-३, केलेली. आणि सगळी पानं एकाच फोल्डरमध्ये, जवळपास २ लाख ८० हजार फाइली.

अशा फोल्डरमध्ये नावांची नुसती एकाखाली एक यादी असते. नवी फाइल करताना त्या नावाची आधीच आहे का हे बघायला कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ती अख्खी यादी चाळतो. आमच्या फोल्डरची यादीच साडेसात एमबीची झाली होती! यावरचा उपाय म्हणजे एचट्री, फोल्डरमधल्या नावांची झाडासारखी सूची; डिस्कवर ती चालू करायच्या सोयीचं नाव डिर-इंडेक्स. डॅनियल फिलिप्स यांनी २००१ मध्ये तो ईएक्सटी-२ साठी मांडला. नावाचा हॅश (नावावरून गणिताने काढलेला आकडा) काढायचा आणि त्या हॅशवरून झाड रचायचं. मग एवढ्या मोठ्या फोल्डरमध्येही डिस्कवरचे तीन ब्लॉक (छोटे तुकडे) वाचले की काम होतं. त्यानंतरच्या ईएक्सटी-४ मध्ये हे सहसा सुरुवातीपासूनच चालू असतं. जुन्या डिस्कवर आपल्याला करावं लागतं.

बॅकअप घेतला आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडूनही पाहिला. मग डिस्क अनमाउंट करून (वापरातून सोडवून) 'ट्यून-टू-एफएस' या आज्ञेने डिर-इंडेक्स चालू केलं. क्षणात झालं. पुन्हा माउंट केली, ताईंना पान सेव्ह करायला सांगितलं, तर तेवढाच वेळ!

इथे माझा अर्धा दिवस गेला. या आज्ञेने फक्त परवानगी मिळते. झाड रचलं जातं ते यापुढे वाढणाऱ्या नव्या फोल्डरांचं. आधीच फुगलेलं फोल्डर तसंच राहतं. फोल्डरच्या खुणा दाखवणारी 'एलएस-ॲटर' ही आज्ञा लावून पाहिलं, तर फोल्डरपुढे इंडेक्सची खूण असलेला मोठा आय नव्हता, म्हणजे इंडेक्स नव्हताच. जुनी फोल्डरं नव्याने रचायला डिस्क तपासणारं 'ई-टू-एफएसचेक' लहान एफ आणि मोठ्या डी या पर्यायांसकट चालवावं लागतं, तेही डिस्क अनमाउंट असतानाच.

आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, म्हणून रविवार धरला आणि यूपीएसची बॅटरी आधी तपासून घेतली. फोल्डर लिहिलं जात असताना मशीन बंद पडणं मला परवडणारं नव्हतं. पडद्यावर 'पास ३-ए, ऑप्टिमायझिंग डिरेक्टरीज' आलं तेव्हा कुठे जिवात जीव आला. पाऊण तासाने संपलं. मोठा आय दिसला. सोमवारी ताईंनी सेव्ह दाबलं आणि लगेच पुढचं पान काचेवर ठेवलं.

बुधवारी मात्र एका अंकाची पीडीएफ उलटसुलट पानांची निघाली. पानं जोडणारी आमची स्क्रिप्ट फोल्डरमधून नावं जशी येतील तशी घ्यायची. आधी ती साधारण स्कॅन झालेल्या क्रमाने यायची, आता हॅशच्या क्रमाने येतात. हा क्रम डिस्कगणिक वेगळा असतो, त्यामुळे त्यावर कधीच विसंबू नका. स्क्रिप्टमध्ये नावांची क्रमवारी लावणारी एक ओळ घातली आणि त्या तीन दिवसांत निघालेले सगळे अंक पुन्हा जोडले.