पाच सेंटिमीटर, कधी वर कधी खाली

समुद्राची पातळी तपासायला कवरत्तीला जातोय म्हटलं की घरी हमखास प्रश्न येतो, "त्यासाठी लक्षद्वीप कशाला? आपल्या हर्णैला समुद्र नाही का?" आहे की. पण उपग्रहाला किनारा मानवत नाही. त्याच्या रडारचा झोत पाण्यावर पडतो तो काही किलोमीटर रुंद पसरून. त्यात डोंगर आला, खडक आला, गाव आलं की परत येणारा प्रतिध्वनी बिघडलाच. कवरत्ती म्हणजे भर अरबी समुद्रात पाण्याच्या जेमतेम वर आलेली प्रवाळाची चिंचोळी पट्टी. चार पावलांवर खोल समुद्र. म्हणून भारत आणि फ्रान्स यांच्या 'सरल' उपग्रहावरचा अल्टिका हा अल्टिमीटर, म्हणजे वरून समुद्राची उंची मोजणारं रडार, तपासण्यासाठी हे बेट निवडलेलं.

'सरल' 25 फेब्रुवारी 2013 रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. सुमारे 800 किलोमीटर उंचीवरून फिरायचा आणि त्याच रेषेवर 35 दिवसांनी परत यायचा. एक फेरी हुकली की पुढची थेट महिन्यापलीकडे. उपग्रह नेमका किती उंचीवर आहे हे आधी काढायचं, रडारने पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं, आणि पहिल्यातून दुसरं वजा केलं की समुद्राची पातळी मिळते. ऐकायला सोपं. पण अंतर मोजणं म्हणजे लहर जाऊन परत यायला लागलेला वेळ मोजणं, आणि एका सेंटिमीटरचा फरक म्हणजे सेकंदाचा पंधरा अब्जावा भाग. शिवाय वाटेतली कोरडी हवाच लहरीला इतकी रेंगाळवते की अंतर 2.3 मीटर जास्त भासतं. बाष्प त्यात आणखी 40 सेंटिमीटरपर्यंत भर घालतं. हे सगळं वजा करून हाती काय शोधायचं, तर वर्षाला तीन मिलिमीटरहून किंचित जास्त चढणारा समुद्र. म्हणून उपग्रह जातो त्या क्षणी खाली खरी पातळी किती होती, हे कुणीतरी जमिनीवरून सांगावं लागतं. ते काम जेटीवरच्या टाइड गेजचं, म्हणजे भरती-ओहोटीची उंची मोजणाऱ्या यंत्राचं.

2014 सालच्या पावसाळ्याआधीची गोष्ट. लागोपाठच्या दोन फेऱ्यांमध्ये उपग्रह आणि जेटी यांचं जुळेना. पहिल्या वेळी उपग्रहाची पातळी जेटीपेक्षा पाचेक सेंटिमीटर वर, पुढच्या वेळी तेवढीच खाली. एका फेरीत दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे होणं आम्हाला नवीन नाही. हे मात्र जास्तच होतं, आणि चिन्हही उलटं.

अहमदाबादहून आमच्या मॅडमचा फोन आला. "अरे, तिथे जा आणि आधी कशालाही हात लावू नकोस. लॉगरला लॅपटॉप तर अजिबात जोडू नकोस."

लॉगर म्हणजे गेजचे आकडे वेळेसकट नोंदवणारी पेटी. तिला लॅपटॉप का नको, ते मला तेव्हा नीटसं उमगलं नव्हतं.

पोचल्यावर पहिला संशय ब्रॅकेटवर. रडार गेज जेटीच्या कडेला पाण्यावर झुकवून बसवलेलं. होड्या लागतात, दोर अडकतात. बेंचमार्कपासून, म्हणजे जमिनीवरच्या पक्क्या उंचीच्या खुणेपासून, गेजपर्यंत लेव्हलिंग करून उंचीतला फरक मोजला, उलट दिशेनेही केलं. ब्रॅकेट मिलिमीटरभरही हललं नव्हतं. मग लगूनचा, म्हणजे प्रवाळाच्या कडेआतल्या उथळ पाण्याचा, संशय. बाहेर मोठी लाट असली की ती प्रवाळाच्या कडेवर फुटते आणि आतलं पाणी थोडं फुगतं. पण त्याने आतली पातळी बाहेरच्यापेक्षा वरच राहील, खाली कशी जाईल? उपग्रहच बिघडलाय म्हणावं तर त्याच्या मार्गाला छेदणाऱ्या जेसन-2 या दुसऱ्या अल्टिमीटर उपग्रहाशी त्याचं इतर ठिकाणी व्यवस्थित जुळत होतं. शिवाय ब्रॅकेट काय, उपग्रह काय, चुकला तर एकाच बाजूला चुकेल.

मग मॅडम म्हणाल्या, "उद्या फेरी आहेच. दिवसभर हाताने मोज."

या प्रकाराला व्हॅन डी कास्तील चाचणी म्हणतात. टाइड गेजवाल्यांमध्ये जुनी आहे आणि माझ्या मते आमच्या धंद्यातली सर्वांत देखणी. ओहोटीपासून भरतीपर्यंत आणि पुन्हा ओहोटीपर्यंत, दर पंधरा मिनिटांनी, गेज काय सांगतंय ते न बघता आपल्या हाताने पाणी मोजायचं. नंतर कागदावर उभ्या अक्षावर पाण्याची उंची आणि आडव्या अक्षावर गेज व हात यांच्यातला फरक मांडायचा. गेज चांगलं असेल तर उभी सरळ रेषा येते. मोजपट्टीच चुकीची असेल तर रेष तिरकी होते. इतर दोषांचे आकारही ठरलेले, वैद्याने नाडी बघावी तसा जाणता माणूस त्या आकारावरून दुखणं ओळखतो.

पहाटे पाचला जेटीवर बसलो. सहकारी जीपीएस बोया, म्हणजे जीपीएसने पाण्याची उंची मोजणारा तरंगता गोळा, घेऊन होडीने बाहेर गेला. होडीवाले इक्का, म्हणजे आपल्याकडचे दादा, या कामाला सरावलेले. बोया पाण्यात सोडायचा, इंजिन बंद करायचं आणि कुणी हलायचं नाही, हे ते आमच्या नव्या पोरांना स्वतःच सांगतात. 'सरल'ची कक्षा अशी की तो सकाळी सहाच्या किंवा संध्याकाळी सहाच्या सुमारासच डोक्यावरून जातो. त्या दिवशी सकाळची पाळी. आकाश निरभ्र होतं ही मोठी सोय, कारण अल्टिका का-बँडवर, म्हणजे 35.75 गिगाहर्ट्झवर चालतो आणि पाऊस असला की त्याची लहर ढगातच विरते. वर बघितलं तर अर्थात काही दिसत नाही. सेकंदाला जवळपास सात किलोमीटर वेगाने तो कवरत्ती कधीच ओलांडून गेलेला असतो.

मग दिवसभर मी आणि टेप. जेटीच्या खांबाला एक उभा पाइप बांधलेला, तळाशी बारीक छिद्र, म्हणजे आत लाटांचा हेलकावा येत नाही. टेप खाली सोडायची, टोक पाण्याला टेकलं की पीं वाजतं, आकडा वाचायचा, जीपीएसवर लावलेल्या घड्याळातली वेळ लिहायची. आमच्याकडच्या उधाणापुढे इथली भरती म्हणजे काहीच नाही, जेमतेम मीटरभर. तरी बारा तास उन्हात ती एकेक सेंटिमीटर चढताना बघितली की तिच्याबद्दल आदर वाटायला लागतो. दुपारी एका आजोबांनी येऊन विचारलं, काय पकडताय? पाणी, म्हटलं. ते हसून निघून गेले.

रिकाम्या पंधरा-पंधरा मिनिटांत टोपेक्सची गोष्ट डोक्यात घोळत होती. 1992 साली गेलेल्या टोपेक्स-पोसायडन उपग्रहावर दोन अल्टिमीटर होते, अमेरिकेचा टोपेक्स आणि फ्रान्सचा पोसायडन. कॅलिफोर्नियाच्या समुद्रातल्या हार्वेस्ट या तेलाच्या फलाटावर दोघांची तपासणी चाले. पोसायडन बरोबर यायचा, टोपेक्समध्ये दहा-पंधरा सेंटिमीटरचा फरक पडायचा. 1996 मध्ये कारण सापडलं. अंतर मोजणाऱ्या ऑसिलेटरची, म्हणजे उपग्रहावरच्या घड्याळाची, चाल काळानुसार बदलते, तिची दुरुस्ती करणाऱ्या प्रोग्रॅममध्येच चूक होती. तिच्यापायी सुमारे 13 सेंटिमीटरचा फरक तर पडलाच, वर समुद्र खऱ्यापेक्षा जास्त वेगाने चढतोय असंही दिसत होतं. जगभरच्या बंदरांवरच्या टाइड गेजशी ताडून बघणाऱ्यांनाही तो वेग खटकला होता. आमच्या अपोलो बंदराच्या गेजची नोंद 1878 पासूनची. असल्या जुन्या गेजकडे लोक पुराणवस्तू म्हणून बघतात, तेव्हा मला राग येतो तो याचमुळे.

संध्याकाळी मोजणी संपली. गेजचे आकडे मोडेमवरून अहमदाबादला जातातच, ते मॅडमनी मेल केले. खोलीत पंख्याखाली बसून एकेक बिंदू टाकला. रेष सरळ नाही आली. तिरकीही नाही. भरतीचे बिंदू एका बाजूने वर गेले आणि सुकतीचे दुसऱ्या बाजूने खाली उतरले. पूर्ण लंबवर्तुळ.

लंबवर्तुळ म्हणजे घड्याळ.

फोनवर मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. लॅपटॉप जोडला असतास तर त्याने स्वतःची वेळ लॉगरला लावून टाकली असती. पुरावा साफ." आकडे जुळवून बघितले. लॉगर अकरा मिनिटं पुढे होता. भरती अर्ध्यावर असताना पाणी मिनिटाला चार-पाच मिलिमीटर सरकतं, अकरा मिनिटांत पाच सेंटिमीटर. लॉगर सहा वाजले म्हणतो तेव्हा खरे पाच एकोणपन्नास झालेले असतात. पाणी चढत असेल तर तो जुनी, कमी पातळी सांगतो आणि उपग्रह वर दिसतो. पाणी उतरत असेल तर उलटं. उपग्रह दर वेळी त्याच घटकेला येतो, भरती मात्र चंद्राच्या वेळेने चालते. पहिल्या फेरीला पाणी चढत होतं, दुसरीला उतरत होतं.

दुसऱ्या दिवशी लॉगरची पेटी उघडली. वेळ आणून देणाऱ्या जीपीएसच्या केबलचा कनेक्टर खाऱ्या हवेने हिरवा पडून गेलेला. मधे बॅटरी संपली होती, देखभालीसाठी ठेवलेल्या पोराने ती इमानेइतबारे बदलली, लॉगरने वेळ विचारली, त्याने समोरच्या दुकानातलं भिंतीवरचं घड्याळ बघून टाकली. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, घड्याळ मुद्दाम पुढे ठेवलंय, कोचीला जाणारं जहाज कुणासाठी थांबत नाही. आमच्या घरचं भिंतीवरचं घड्याळही दहा मिनिटं पुढेच असतं, त्यामुळे मला काही बोलायला तोंड नव्हतं.

मॅडमचा पुढचा प्रश्न साहजिक होता, चूक कधीपासूनची? पोराने बॅटरीवर मार्करने तारीख लिहून ठेवली होती. तिच्यानंतर आमच्या दोनच फेऱ्या झालेल्या, आणि तिसरी ही कालची. त्या तारखेनंतरच्या नोंदींची वेळ अकरा मिनिटं मागे सरकवली. दोन्ही फेऱ्यांतला फरक नेहमीच्या दोन सेंटिमीटरच्या आत आला. कालचा बोया आणि जेटी यांचंही जुळलं. त्याआधीच्या फेऱ्यांना हात लावायची गरज पडली नाही. कनेक्टर बदलला, वर ग्रीस फासलं, आणि आकड्यांची फाइल दोन्ही देशांच्या टीमकडे गेली.