तुम्ही विचारलंत म्हणून: विधान परिषद ठेवायची की घालवायची

"ताई, तुम्ही नगरसेविका होतात, विधान परिषदेला मतदान केलंत, मग ती बरखास्त करा असं सरळ का नाही म्हणत?" लग्नात, एसटीत, सगळीकडे हेच. म्हणून एकदाचं लिहितेय.

मतं फुटू नयेत म्हणून मतदानाच्या चार दिवस आधी पक्षाने आम्हाला बसने एका रिसॉर्टवर नेलं. गेटवरच मोबाईल काढून घेतले, प्लॅस्टिकच्या टोपलीत ठेवले, प्रत्येकाच्या मागे नावाची चिठ्ठी चिकटवलेली. घरून काही आलं तर निरोप देऊ म्हणाले. तिसऱ्या दिवशी पहाटे आईला अर्धांगवायूचा झटका आला, नवऱ्याने माझ्या फोनवर केले, मग आमच्या गटनेत्याला केले, आणि मला कोणी काही सांगितलंच नाही. चौथ्या दिवशी बस थेट तहसील कचेरीत. जांभळ्या स्केचपेनने सांगितलेल्या नावापुढे १ लिहिला, बाहेर आले, फोन हातात मिळाला तर सतरा मिस्ड कॉल. दवाखान्यात पोचले तेव्हा आईची वाचा गेली होती. आदल्या रात्रीपर्यंत तुझं नाव घेत होती, असं बहीण म्हणाली.

आणि हो, पाकीटही घेतलं. ते दवाखान्यात गेलं असं मी लोकांना सांगायचे, पण घेतलं तेव्हा आई आजारी आहे हे मला माहीतच नव्हतं.

त्या वर्षी मी जिथे तिथे बोलत सुटले होते, बरखास्त करा म्हणून. बंगालने १९६९ला घालवली, तामिळनाडूने १९८६ला, काय अडलं त्यांचं? याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. पण आंध्रने १९८५ला घालवली आणि २००७ला परत आणली, म्हणजे विधानसभेने दोन तृतीयांशाने ठराव करायचा, संसदेने कायदा करायचा, एवढं सगळं करून ती जाते तशी परतही येते.

आणि माझी आई रोजगार हमीवर पाझर तलावाची माती वाहायची, त्यावर आम्ही जेवलो. ती योजना वि. स. पागेंची, आणि पागे १९६० ते १९७८ याच परिषदेचे सभापती. ते विधानसभेत असते तरी केलंच असतं म्हणाल, असेलही. पण माझ्याच्याने ते नुसतं सोडून देववत नाही.

माझं भांडण ७८ पैकी त्या २२ जागांशी आहे, ज्या आम्ही नगरसेवक आणि झेडपी सदस्य निवडून देतो. मतदार मोजके, म्हणून बसमध्ये मावतात. राज्यसभेसारखं मत पक्षाला दाखवून टाकायचं करा असं मीच म्हणायचे, पण मग तर पक्षाचा पट्टा गळ्यात कायमचा. आमचं मत गुप्त होतं, पडद्याआड मी एकटीच होते, दुसरं नाव लिहिलं असतं तर कुणाला कळलं असतं? तरी मी सांगितलं तेच लिहिलं. हे मी बरीच वर्षं कुणाला बोलले नव्हते.

शिक्षक मतदारसंघाचं तर काय सांगू, माझी हीच बहीण झेडपीच्या प्राथमिक शाळेत शिकवते, तिला त्यात मतच नाही, माध्यमिकपासून पुढच्यांनाच.

उद्या ठराव आला तर मी कुठल्या बाजूची, विचारू नका, मला अजून सांगता येत नाही. पण त्या २२ जागा आहेत तशाच ठेवून कोणी सुधारणा करतो म्हणालं तर मी त्याच्या बाजूची नाही.