स्पिन ओळखण्याची वही : सहावा महिना आणि चौथा रकाना

फिगर स्केटिंगमधला स्पिन, म्हणजे बर्फावर एका जागी घेतलेली गिरकी, बघून त्याची पोझिशन ओळखायची, हा माझा छंद. गेल्या नोंदीत म्हटलं होतं, पन्नास स्पिनची चाचणी पुन्हा घेईन. घेतली. फेब्रुवारीत पन्नासांतले २७ बरोबर आले होते, या वेळी ४१. पद्धत तीच ठेवली. क्लिप पूर्ण वेगात एकदाच बघायची, वहीत उत्तर लिहायचं, मग पाव वेगाने तीच क्लिप पुन्हा बघून तपासायची. स्पर्धेनंतर निघणारा गुणतक्ता हाताशी असेल तर त्यातला कोडही, म्हणजे त्या स्पिनचं अक्षरांतलं लघुनाम, ताडून पाहायचा. हे सगळं रात्रीचं काम. फोंड्यात जुलैत वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून क्लिपा आधीच उतरवून ठेवते आणि लॅपटॉप चार्ज करून बसते.

चुकलेल्या नऊंपैकी चार चुका एकाच जातीच्या निघाल्या. हा महिना त्या चारांवर गेला.

या छंदात नव्याने आलेल्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. नियमात मूळ पोझिशन तीनच: अप्राइट, सिट आणि कॅमल. बर्फावर टेकलेला पाय सरळ किंवा जवळजवळ सरळ, आणि ती कॅमल नसेल, तर अप्राइट. टेकलेल्या पायाची मांडी निदान बर्फाला समांतर आली तर सिट. मोकळा पाय मागे आणि त्याचा गुडघा कमरेच्या पातळीच्या वर असेल तर कॅमल. डोनट, कॅननबॉल, पॅनकेक, हेअरकटर ही लोकांच्या तोंडची नावं या तिघांच्याच पोटात कुठे ना कुठे बसतात.

माझ्या वहीतही पहिल्या दिवसापासून तीनच रकाने होते. दिसलेला प्रत्येक स्पिन मी त्यांतल्या एकात घालत होते, आणि तिथेच घोळ होत होता.

उलगडा झाला तो म्हार्दोळच्या आत्येमुळे. ती जेवायला आली होती. चवथीच्या फुगडीची तालीम त्यांच्या वाड्यावर सुरू झालीय, तिचे गुडघे आता साथ देत नाहीत, पण मुलींना शिकवायला अजून तीच उभी राहते. जेवण झाल्यावर मी एका ज्युनियर मुलीचा सिट स्पिन पाव वेगाने लावून बसले होते. आत्ये मागून बघत होती.

"ही बसली कुठे गो?" ती म्हणाली.

"बसलीय की. गुडघा वाकलाय बघ."

"गुडघा वाकवणं वेगळं आणि बसणं वेगळं. बसफुगडीत ढुंगण खाली गेलंच पाहिजे. हिने मधल्यामध्ये अडकवलंय. ना उभी, ना बसलेली."

मी चित्र थांबवलं. प्लॅस्टिकची पारदर्शक फूटपट्टी स्क्रीनवर आडवी धरली आणि रिंकच्या कठड्याच्या वरच्या कडेशी जुळवून घेतली. मग मांडी पाहिली. गुडघ्यापासून कमरेकडे ती स्पष्ट वर चढत होती. समांतर नव्हतीच. टेकलेला पाय सरळही नव्हता, म्हणजे अप्राइटही नाही. आत्येने पाहताक्षणी सांगितलं ते नियमातही लिहिलेलं आहे: तिन्हींत न बसणारी प्रत्येक पोझिशन 'नॉन-बेसिक'. तो शब्द मी वाचला होता, पण ती कॉम्बिनेशन स्पिनमधली (एकाच स्पिनमध्ये पोझिशन बदलतात ते) काहीतरी बारीक तरतूद असेल असं समजून पुढे गेले होते. प्रत्यक्षात अर्धवट बसलेले सगळे स्पिन तिथेच जातात. त्या रात्री वहीत चौथा रकाना आखला. चारही चुका त्यात जाऊन बसल्या.

मांडी बघताना एक गोष्ट सांभाळायला हवी. कॅमेरा बहुतेक वेळा वरच्या अंगाला असतो. मांडी कॅमेऱ्यापासून पलीकडे रोखलेली असताना तिचा चढ आहे त्याहून कमी भासतो, आणि पुरती न बसलेली स्केटरसुद्धा बसल्यासारखी वाटते. म्हणून एका फेरीत दोनदा येणारा तो क्षण पकडायचा, जेव्हा ती आपल्याला आडवी, कुशीवरून दिसते. पट्टी तेव्हाच लावायची. फेऱ्या मोजायला मात्र मला पाठ सोपी जाते. पाठ समोर आली की एक, परत आली की दोन. पोझिशन धरायला त्यात किमान दोन सलग फेऱ्या लागतात, त्यामुळे ही मोजणी टाळून चालत नाही.

फुगडीचा विषय निघालाच आहे तर एक फरक नोंदवते. दोघींच्या फुगडीत आपण हात गुंफून मागे रेलतो आणि फिरण्याचा आस दोघींच्या मधोमध, रिकाम्या जागेत असतो. स्केटरचा आस तिच्या स्वतःच्या अंगातून, टेकलेल्या पायाच्या पात्यावरून जातो. म्हणून ती हात आणि मोकळा पाय आत ओढून घेते. कोनीय संवेग तेवढाच राहतो, वस्तुमान आसाजवळ येतं आणि वेग चढतो. अप्राइटमधला स्क्रॅच स्पिन म्हणजे याचं सगळ्यात उघडं रूप. मोकळा पाय टेकलेल्या पायावरून आडवा खाली उतरतो, हात छातीशी येतात, आणि चेहरा नुसता पुसट पट्टा होऊन जातो. ते मला अजूनही श्वास रोखून बघायला आवडतं. ल्युसिंडा रू या स्विस स्केटरने २००३ मध्ये न्यूयॉर्कला एका पायावर सलग ११५ फेऱ्यांचा विक्रम केला. तिचे जुने स्पिन बघताना मी मोजणी सोडून देते.

आता कॅमल. हात, मान, डोकं यांच्याकडे आधी बघायचं नाही, हे मी स्वतःला रोज बजावते. डोळा तिकडेच जातो, कारण सौंदर्य तिथे असतं. माझा क्रम आता असा ठरलाय: आधी टेकलेला पाय, मग मोकळ्या पायाचा गुडघा, मग खांद्यांची रेघ. कॅमल ठरली की खांद्यांच्या रेघेवरून तिचे प्रकार निघतात. रेघ बर्फाला समांतर असेल तर फॉरवर्ड, उभी वळली असेल तर साइडवेज, उभीच्याही पलीकडे गेली असेल तर अपवर्ड. मी छाती कुठे वळलीय ते बघते. बर्फाकडे, प्रेक्षकांकडे, की छताकडे? असं विचारलं की चटकन उत्तर येतं. तरीही उरलेल्या पाच चुकांपैकी तीन इथल्याच. साइडवेज आणि अपवर्ड यांच्या सीमेवर उत्तर एकेका चित्रचौकटीत बदलतं, त्यामुळे तीन-चार चौकटी बघून बहुमताने ठरवते.

अपवर्ड कॅमलमध्ये डोकं मागे पडतं आणि ती लेबॅकसारखी भासते. फेब्रुवारीत मी हमखास फसायचे. लेबॅक ही अप्राइटची जात आहे: टेकलेला पाय उभा, पाठीची कमान, डोकं आणि खांदे मागे. त्यात मोकळा पाय मागे वाकवून धरलेला असतो आणि त्याचा गुडघा सहसा कमरेखाली राहतो. गुडघा बघितला की शंका मिटते.

फक्त बीलमन या कसोटीत बसत नाही. त्यात स्केटर मोकळ्या पायाचं पातं मागून दोन्ही हातांनी धरून डोक्याच्या वर खेचते. गुडघा कमरेच्या कितीतरी वर. मग कॅमल का नाही? मार्चमध्ये यावर मी पानभर भांडले होते, स्वतःशीच. उत्तर व्याख्येतच आहे: कॅमलची अट सांगून झाल्यावर तिथे लगेच लिहिलंय की लेबॅक, बीलमन आणि तत्सम प्रकार अप्राइटच धरायचे. पाठोपाठ बघितल्यावर मला ते पटलंही. बीलमनमध्ये धड उभं राहतं, कॅमलमध्ये आडवं पडतं. लेबॅकच्या शेवटी बीलमन घेणाऱ्या मुली इतक्या आहेत की दोन्ही एका घरात असणं डोळ्यालाही सलत नाही. हे नाव डेनिस बीलमनवरून आलं, ती १९८१ ची विश्वविजेती. तिच्याआधीही काहींनी ती पोझिशन घेतली होती, पण नाव तिचंच रुजलं.

कॅमल आणि लेबॅक, दोन्ही स्पिनच्या शोधाचं श्रेय ब्रिटिश स्केटर सेसिलिया कॉलेजला दिलं जातं. १९३७ ची विश्वविजेती. सिट स्पिन त्याहून जुना, १९ व्या शतकातल्या अमेरिकन जॅक्सन हेन्सचा. उडी घेऊन कॅमलमध्ये उतरणारा फ्लाइंग कॅमल डिक बटनचा, आणि त्यामुळे त्याला बटन कॅमलही म्हणतात. ही नावं मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलीयत. ज्यांच्या अंगातून या आकृत्या पहिल्यांदा निघाल्या, त्यांची आठवण असावी असं मला मनापासून वाटतं.

सरावासाठी कोणाला बघावं असं दोघांनी विचारलं होतं. स्टेफान लांबिएल, २००५ आणि २००६ चा विश्वविजेता. त्याच्या पोझिशन एकीतून दुसरीत जाताना कुठेही गढूळ होत नाहीत, आणि वेग असूनही प्रत्येक आकृती कोरल्यासारखी दिसते. नवख्याने त्याच्यापासून सुरुवात करावी. त्यानंतर ज्युनियर स्पर्धा बघाव्यात. चौथा रकाना तिथेच भरतो.

माझी भाची इथे रोलर स्केटिंग शिकते, चार चाकांचे क्वाड. तिच्याकडेही अप्राइट, सिट, कॅमल हीच तिन्ही नावं चालतात, वर टाचेच्या चाकांवर फिरायची हील कॅमल वेगळी. या महिन्यात तिला सिट स्पिनमध्ये खाली जाताना मी कुशीवरून मोबाइलवर टिपलं आणि मांडीवर पट्टी धरून दाखवली. तिला वाटत होतं ती पुरती बसतेय. अजून चार बोटं खाली जायचं होतं. दुसऱ्या शनिवारी दोन बोटं राहिली. फरशीवर चाकं किरकिरतात, घाम फुटतो, गुडघा थरथरतो, हे सगळं समोर बघितल्यावर बर्फावरच्या त्या नॉन-बेसिक मुलीबद्दल मला फार आपुलकी वाटली. समांतर येण्याआधीची ती शेवटची चार बोटं सगळ्यात जड असतात.

पाय ओळखण्यात एक जुनी चूक अजून राहिलीय. बहुतेक स्केटर घड्याळाच्या उलट फिरतात, म्हणजे डाव्या पायावर फॉरवर्ड स्पिन आणि उजव्या पायावर बॅक स्पिन. माझा डोळा याला इतका सरावलाय की जॉनी वेअरसारखा घड्याळाच्या दिशेने फिरणारा कोणी आला की मी डावा-उजवा उलटा लिहिते. राहिलेल्या दोन चुका त्याच. ऑगस्टमध्ये फक्त घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्यांच्या वीस क्लिपा घ्यायच्या ठरवल्या आहेत. वहीत प्रत्येक ओळीच्या आधी बाण काढायचा, मग पाय लिहायचा, मग पोझिशन.

आत्ये चवथीपर्यंत आणखी दोनदा येणार आहे. तिच्यासाठी दहा सिट स्पिन वेगळे काढून ठेवलेत, गुणतक्ता न दाखवता.